पुलाखाली उभारलोय

मराठीत कुणी ‘मी आलो’ म्हटलं की आलेला माणूस पुरुष असतो, एवढं मी जन्मभर धरून चाललो होतो. पुरुष ‘आलो’ म्हणतो, बाई ‘आले’ म्हणते. यात शंका घेण्यासारखं काही असेल असं मला कधी वाटलं नाही, आणि शंका घेणं हे तर माझं कामच आहे. तुर्भ्याच्या एका कारखान्यात मी कोठारातल्या मालाची मोजदाद ठेवतो. कागदावर आहे तेवढा माल मांडणीवर आहे की नाही हे स्वतः जाऊन बघायचं, बघितल्याशिवाय सही करायची नाही. एका माणसाच्या बाबतीत मात्र मी न बघताच सही केली.

फोनवर आमचा अंककोड्यांचा एक गट आहे. रोज सकाळी कुणीतरी कोडं टाकतं, आणि ज्याला जसा वेळ मिळेल तसं तो ते सोडवतो. खरं नाव सांगायचं नाही असा तिथला रिवाज. मी ‘बेरीज’ झालो. तिथे एक ‘शून्य’ होता. फोटोच्या जागी नुसतं वर्तुळ. हा शून्य बहुतेक वेळा माझ्याआधी कोडं सोडवायचा आणि वर टोमणा मारायचा, ‘काय रे बेरीज, झोपलास काय?’

असं मला कुणी बोलत नाही. कारखान्यात मी साहेब, गल्लीत काका, घरात ‘अहो’ आणि ‘बाबा’. ‘काय रे’ म्हणणारी माणसं काही गेली, काही गावाला राहिली. त्या ‘काय रे’नं मला बरं वाटलं, हे खरं, आणि मीही उलट ‘काय रे शून्य’ लिहू लागलो.

हळूहळू आम्ही गटाबाहेरही एकमेकांना लिहू लागलो. कोल्हापूरचा आहे, साखर कारखान्यात हजेरी लावण्याच्या कामावर आहे, एवढं कळलं. ‘आज लई दमून आलो.’ ‘जेवलो आणि कोडं घेऊन बसलो.’ ‘गाडी पंक्चर, ढकलत आलो.’ एवढ्यावरून मी एक माणूस उभा केला. रुंद खांदे, जाड मिशी, तांबडा रस्सा वाटीनं पिणारा, कुणाची भीड न धरणारा. एका सोप्या कोड्यात त्याची चूक निघाली तेव्हा मी लिहिलं, ‘आता मिशी काढून टाक.’ थोड्या वेळानं उत्तर आलं, ‘काढली.’ जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून मी एकटाच हसत बसलो होतो.

फोनवर बोलणं कधी झालं नाही. मला फोनवर बोलायला सुचत नाही, आणि त्यानंही कधी फोन केला नाही.

लिहिताना मात्र मला सुचायचं. घरात माझं बोलणं कामापुरतं. गॅस संपत आला, लाइटबिल भरलं, पाणी आज कमी येणार. माझी मुलगी म्हणते, बाबांचं बोलणं म्हणजे स्टेशनवरची अनाउन्समेंट. पण शून्याला लिहायला बसलो की मी सबंध वाक्यं लिहायचो. कशाची भीती वाटते, कुणाचा राग आला, कारखान्यात नवी पोरं आली की आपली जागा जाईल असं का वाटतं, सगळं. मग फोन खिशात टाकायचा आणि जिना चढून घरी यायचं, ते पुन्हा अनाउन्समेंटवाल्या माणसानं.

घरी बायकोला मी शून्याबद्दल सांगत असे. तो असं म्हणाला, त्यानं आज असं केलं. शून्य प्रत्येक वेळी शेवटी लिहायचा, ‘वहिनींना नमस्कार सांग.’ मी सांगायचो. बायको त्याला ‘तुमचे कोल्हापूरकर’ म्हणायची, पुढे नुसतं ‘भाऊजी’. न बघितलेल्या दिराचं तिला कौतुक होतं. नवऱ्याला एक तरी मित्र आहे याचं समाधान जास्त असावं.

आता उलव्याचं सांगायला हवं, कारण अडचण तिथली आहे.

आमचं घर कोपरखैरण्यात. बैठ्या घरांच्या ओळीतलं एक, त्यावर आम्ही चढवलेला मजला. दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. शेजारच्या कुकरची शिट्टी आमच्या भिंतीत वाजते. दिवसाही ट्यूबलाइट लावावी लागते. या घरात बायकोनं अख्खा संसार केला, कुरकुर न करता. तिचा भाऊ उलव्याला राहायला गेला तेव्हा आम्ही त्याच्याकडे जेवायला गेलो. अकराव्या मजल्यावर तो आम्हाला खिडक्या उघडून दाखवत होता आणि बायको खिडकीशी जी उभी राहिली ती जेवायला वाढलं तरी हलेना. वारा तिच्या पदरात भरत होता. त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर एक घर विकायचं होतं.

रिक्षात तिनं विचारलं, “जायचं ना आपण?”

मी म्हटलं, आकडे मांडून बघतो. दोन दिवस मांडले. कोपरखैरण्याचं घर विकून उरलेलं जमवणं अवघड होतं, पण अशक्य नव्हतं. मी तिला सांगितलं, “आकडे बसतात.”

ते तिनं ‘हो’ समजून घेतलं, आणि मीही घेऊ दिलं. मग विसार देऊन झाला. मेव्हण्यानं सगळ्या नातेवाइकांना कळवून टाकलं. मुलीनं तिच्या खोलीच्या भिंतीचा रंग ठरवला. करार पुढच्या आठवड्यात होता. मला जायचं नव्हतं. का, ते मला धड सांगता येत नव्हतं. या गल्लीत मी कुठल्या दारातून कोण बाहेर पडेल ते डोळे मिटून सांगू शकतो. तिथे मला कुणी ओळखणार नाही, आणि नव्यानं ओळख करून घेण्याइतका मी आता बोलका होणार नाही. असलं कारण घरात कसं मांडायचं? आणि मांडायचं तर बायकोच्या त्या खिडकीसमोर मांडायचं. रोज नवीन काहीतरी ठरत होतं, पडदे, फ्रिजची जागा, आणि प्रत्येक वेळी मी मान हलवत होतो. प्रत्येक मानेगणिक नाही म्हणायची जागा कमी होत गेली.

शून्याला मात्र मी लिहिलं होतं.

त्याच सुमारास शून्यानं कळवलं की भाचीचा साखरपुडा ऐरोलीला आहे, रविवारी. मी लिहिलं, ‘शनिवारी आमच्याकडे उतर. तिथून ऐरोली दहा पावलांवर.’ उत्तर यायला त्या दिवशी वेळ लागला. मग आलं, ‘वहिनींना चालंल काय?’ मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, “भाऊजींना विचारायला काय झालं? तिखट किती लागतं तेवढं विचारा.”

शनिवारी आम्ही दोघं वाशीला गेलो. तिला मार्केटमधून कोथिंबीर-आलं घ्यायचं होतं आणि दिराला घ्यायला स्वतः जायचंही होतं. कोल्हापूरकडच्या गाड्या हमरस्त्यावरच्या उड्डाणपुलाजवळ माणसं उतरवतात. आम्ही पोचलो तेव्हा फोनवर निरोप होता, ‘उतरलो. पुलाखाली उभारलोय. तांबडी पिशवी.’

पुलाखाली बरीच माणसं होती. मिशीवाले तीन-चार होते. त्यातल्या एकाच्या हातात पिशवी होती, पण हिरवी. तांबडी पिशवी एका बाईच्या पायाशी होती. साठीकडे झुकलेली, ठेंगणी, चष्मा, सुती साडी, केसांना तेल. मी तिच्या समोरून गेलो, खांबापर्यंत बघून परत आलो. दोन्ही वेळा ती माझ्याकडे बघत होती. बाईमाणसाकडे परत बघणं बरं नाही म्हणून मी मान दुसरीकडे केली.

शेवटी बायकोच पुढे झाली. तिनं त्या बाईलाच विचारलं, “मावशी, कोल्हापूरच्या गाडीतून एक गृहस्थ उतरले का इथे?”

“मीच की,” बाई म्हणाली. “मीच उतरलो न्हवं आत्ता.”

मग माझ्याकडे बघून, “काय रे बेरीज, दोनदा म्होरनं गेलास. मी म्हटलो, बघू तरी कवा ओळखतोय.”

काय बोललो ते मला आठवत नाही. बहुतेक ‘प्रवास बरा झाला ना’ असं काहीतरी. बायकोनं माझ्याकडे एकदा बघितलं, मग तांबडी पिशवी उचलली आणि रिक्षाला हात केला.

रिक्षात बायको मध्ये बसली. मी एका कडेला, बाहेरच्या दांडीला धरून. पाहुण्या बाई वहिनी वहिनी करत बोलत होत्या. पिशवीत गूळ आहे, कांदा-लसणीची चटणी आहे, सासूबाईंनी स्वतः कांडलेली. बायको ‘हो का’ म्हणत होती. तिच्या ‘हो का’चे प्रकार मला माहीत आहेत. हा नवा होता.

घरी मुलीनं दार उघडलं. तिनं बाईंना बघितलं, मागे माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, “काका कुठेत?” मग तिला कळलं आणि ती हसत सुटली, तोंडावर ओढणी धरून. तिला वाटलं मजा झाली. बायकोनं हॉलमधली गादी गुंडाळली, जी तिनं दिरासाठी सकाळीच घालून ठेवली होती, आणि ती वर मुलीच्या खोलीत नेऊन टाकली. मी मदत करायला उठलो तर म्हणाली, “बसा तुम्ही पाहुण्यांजवळ. दोन वर्षांचं बोलायचं असेल.”

पण दोन वर्षांचं बोलणं काही होईना. ज्या माणसाला मी सगळं सांगितलं होतं तो माणूस समोर नव्हता. समोर एक वयस्क बाई होती, गुडघे जवळ घेऊन खुर्चीच्या कडेला बसलेली, परक्या घरात बसतात तशी. मला ‘तू’ म्हणवेना, आणि ‘तुम्ही’ म्हणायचीही लाज वाटत होती. मी त्यांना ऐरोलीला रिक्षा कुठून मिळेल ते सांगितलं. मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली, “बाबांची अनाउन्समेंट झाली.”

जेवण झालं. मटण दिराच्या हिशेबानं तिखट केलं होतं. बाईंनी दोनदा वाढून घेतलं आणि चांगलं झालंय म्हणाल्या. बायकोला ते आवडलं, पण ते दाखवायचं नव्हतं.

हात धुऊन होतात तोच त्यांचा फोन वाजला. त्या एकदम उभ्या राहिल्या. पदर नीट केला, आणि आवाजच बदलला.

“हो, पोचले मी. व्यवस्थित पोचले. जेवले पण. हो, मैत्रिणीकडेच आहे.”

पोचले. जेवले. मैत्रिणीकडे. मी खाली बघितलं. बायको ताटं उचलत होती, ती थांबली. पलीकडून काहीतरी विचारणं झालं असावं. बाईंनी फोनवर हात ठेवला, आणि माझ्याकडे न बघता बायकोकडे बघितलं. “वहिनी, आमचे मालक हायत. बेरजेशी बोलायचंय म्हणतात. वाईच...” त्यांनी फोन बायकोपुढे धरला.

तेवढ्या वेळात बायकोनं काय काय ठरवलं असेल ते मला कळायचं नाही. तिनं ताटं खाली ठेवली, हात पुसला आणि फोन घेतला. “नमस्कार. हो, आमच्याकडेच आहेत. सुखरूप पोचल्या. उद्या आम्ही रिक्षात बसवून देऊ. काळजी करू नका.” फोन परत दिला. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मग ताटं घेऊन आत गेली, आणि मोरीत ती जरा जोरात ठेवली.

मुलगी बाईंना विश्रांतीसाठी वर घेऊन गेली. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो.

“मला माहीत नव्हतं,” मी म्हटलं.

“तुम्हाला?” ती भांडं घासता घासता म्हणाली. “तुम्ही पिशवीतल्या मिरच्या मोजता. दोन वर्षं तो म्हणाला, तो म्हणाला. भाऊजी म्हणत होते मी. मटण शिजवलं मी.”

मी तिला समजावून सांगायला लागलो. ती ‘आलो’ लिहायची, ‘बसलो’ लिहायची, यावरून कुणीही पुरुषच समजेल.

“आणि मघाशी? ‘पोचले’ म्हणाली ती. येतं तिला. नवऱ्याला ‘पोचले’, तुम्हाला ‘आलो’. नवऱ्याला मैत्रीण, मला भाऊजी. दोघांचं बरं जमलंय की.”

खरं म्हणजे मलाही तेच खटकलं होतं. माझं खरं बोलणं माझ्याच कानाला खोटं वाटायला लागलं, आणि जितकं सांगावं तितकं जास्तच वाटत होतं. सव्वीस वर्षांत बायकोशी मी खोटं बोललो नव्हतो, आणि ते सिद्ध करायला माझ्याकडे काही नव्हतं. एकच गोष्ट होती. मी खिशातून फोन काढला, उघडला, आणि तिच्यापुढे ओट्यावर ठेवला. “पहिल्यापासून वाच,” मी म्हटलं.

ठेवला, आणि उलवं आठवलं.

हात पुढे जात होता तो मी आवरला. फोन आता परत घेतला तर सगळं संपलंच. न घेतला तर ती वाचत वाचत तिथे पोचणार. तिनं हात पुसले, चष्मा लावला आणि पाटावर बसली. बायको झरझर वाचत नाही. पेपरातली जाहिरातही ती शेवटपर्यंत वाचते. मी दाराच्या चौकटीला टेकून तिच्या अंगठ्याकडे बघत राहिलो.

मिशीपाशी ती हसली. न राहवून हसली. “‘काढली’ म्हणे,” ती म्हणाली, आणि मान हलवली. तेव्हाच तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, मला दिसलं ते. दुसरा कुणी असता तर तिथेच फोन उचलून घेतला असता, हसण्यावारी नेऊन. मला तसं करायला जमलं नाही. ती पुढे वाचत गेली. काही ठिकाणी ती माझ्याकडे चष्म्यावरून बघायची. कारखान्यातल्या नव्या पोरांचं वाचलं तेव्हा तिनं मला विचारलं, “हे कधी झालं?” मी सांगितलं. ती परत खाली बघायला लागली.

मग अंगठा थांबला.

तिनं मोठ्यानं वाचलं, शाळेतल्यासारखं, एका सुरात. “‘उलव्याचं नाव निघालं की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. मला तिकडे जायचंच नाही. पण घरात कसं सांगू, ती इतकी खूश आहे.’”

खाली शून्याचं उत्तर होतं, तेही तिनं वाचलं. “‘मग हे वहिनींना सांग की. मला सांगून काय उपेग?’”

नळ नीट बंद झाला नव्हता. तो बंद करायला मी पुढे झालो तर ती म्हणाली, “राहू दे.”

“ती बाई आहे की बाप्या, मला काय करायचंय,” ती म्हणाली. “मी तुम्हाला रिक्षात विचारलं होतं. तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही मला आकडे सांगितलेत.”

त्यानंतर ती रडली वगैरे नाही. फोन बंद करून माझ्या हातात दिला आणि उरलेली भांडी घासली.

चारच्या सुमाराला पाहुण्या बाई खाली आल्या. चहा झाला. बायकोनंच विषय काढला, अगदी साधेपणानं. विचारलं, हे तुम्हाला पुरुष समजतात ते तुम्हाला माहीत होतं का?

बाई म्हणाल्या, पहिल्यांदा नव्हतं माहीत. त्यांच्या माहेरी बायका असंच बोलतात, आलो, गेलो, बसलो. आई, आत्या, सगळ्या. पोरींना काय रे म्हणतात. म्हणून यानं ‘काय रे’ म्हटलं ते त्यांना घरचंच वाटलं. लग्न झालं ते पुण्याकडच्या घरात, नोकरीमुळे कोल्हापुरात राहिलेल्या. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, बाईनं असं गड्यासारखं बोलू नये. तेव्हापासून घरात ‘आले’, ‘जाते’. आई गेल्यावर ‘आलो’ म्हणायला जागा राहिली नाही. ती या कोड्यांच्या गटात मिळाली.

“मिशीचं लिहिलंस तेव्हा कळलं मला,” त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. “सांगणार होतो. पण सांगितलं असतं तर तू ताई म्हणाला असतास. रोज सकाळी फुलाचं चित्र पाठवलं असतंस, आणि बोलणं संपलं असतं.”

मला ते नाकारता येईना. ‘ताई’ म्हटलंच असतं.

“आणि मैत्रीण?” बायकोनं विचारलं.

“बेरीज बाईचंच नाव न्हवं? घरात विचारलं कोण, तर सांगितलं मैत्रीण. ते पण खोटं म्हणता येत नाही बघा.” मग त्या म्हणाल्या, “तुमची माफी मागायला आलो मी खरं तर. म्हणून उतरायचं कबूल केलं.”

बायको म्हणाली, “माफी कशाची? तुम्ही तर यांना म्हणत होतात, वहिनींना सांग.”

रविवारी सकाळी त्या ऐरोलीला गेल्या. बायकोनं तांबड्या पिशवीत घरचे पोह्याचे पापड घातले. रिक्षात बसताना बाई मला म्हणाल्या, “चल रे.” मी म्हटलं, “या परत.” ते ‘या’ तोंडातून गेलं आणि मला कळलं की हे आता असंच राहणार. झालंही तसंच. पुढे त्यांनी काही दिवस कोडी टाकली, मी सोडवली. पण ‘काय रे’ लिहायला माझा हात धजेना. त्या ठेंगण्या, चष्मेवाल्या बाई डोळ्यांपुढे यायच्या, त्यांचा तो फोनवरचा बदललेला आवाज कानात यायचा. दिवाळीला मी शुभेच्छा पाठवल्या. त्यांनी नमस्काराचे हात पाठवले. त्यानंतर ते वर्तुळ माझ्या यादीत खाली खाली जात राहिलं.

त्या रविवारी दुपारी बायको आणि मी बोलायला बसलो. मला सबंध वाक्यात बोलायला त्रास झाला. समोर माणूस असला की मला वाक्य अर्ध्यात सोडायची सवय आहे. ती म्हणायची, “पुढे?” मी पुढे बोलायचो. मला जायचं नाही, हे मी तिच्या तोंडावर म्हटलं. तिनं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, “मला जायचंय. तुम्हाला माहीत आहे ना का ते?” मी म्हटलं माहीत आहे. वर, विसार गेला असता, तिच्या भावाची मान खाली गेली असती, हेही होतंच. पण ती त्यातलं काही बोलली नाही. तिनं एकच विचारलं, मी रुसून राहणार नाही ना. मी नाही म्हटलं.

करार झाला. आम्ही उलव्याला आलो.

बोलून टाकल्यावर मोकळं वाटतं असं म्हणतात. तसं झालं नाही. आधी मी एकटा कोंडलेला होतो, आता तिलाही त्यात ओढलं. ती खिडकीशी उभी असते आणि मी खोलीत आलो की पडदा नीट करायला लागते, जणू तेवढ्याचसाठी उभी होती. वाऱ्याचं कौतुक तिनं माझ्यासमोर करणं सोडलं. विमानतळ जवळ, विमानं आता खूप खालून जातात. मुलगी धावत बाल्कनीत जाते, ही जात नाही. मी रुसलेलो नाही, पण ते तिला पटवून देणं त्या फोनपेक्षा अवघड निघालं. रोज संध्याकाळी तुर्भ्याहून येतो, लिफ्टमध्ये कुणी मान हलवली तर हलवतो.

गेल्या महिन्यात एका रविवारी मी तिला म्हटलं, “तू माझ्यासाठी खिडकीतून बाजूला होऊ नको.”

ती म्हणाली, “तुमच्यासाठी नाही होत.”

“मग?”

भावाचं दार आमच्या दाराला लागून आहे, तिनं आधी उठून आपलं दार लावून घेतलं. मग म्हणाली, “मला नाही करमत इथे.” आणि माझ्याकडे न बघता, “हे मी कुणाला सांगू? सगळ्यांना ओढून मीच आणलं.”

मी म्हटलं, “मला सांग.”

तिनं सांगायला सुरुवात केली. इथे भिंतीतून कुणाचा आवाज येत नाही, दुपारी घर इतकं शांत होतं की फ्रिज बंद पडला तरी दचकायला होतं. कढीपत्ता संपला म्हणून कुणी दार वाजवत नाही. खाली जायचं तर साडी बदलावी लागते, आणि खाली जाऊन करायचं काय. भावजय बरी आहे, पण तिच्याकडे गेलं की किती दिवसांनी आलात म्हणते, म्हणजे रोज जाता येत नाही. ती थांबली की मी “पुढे?” म्हणत होतो, आणि ती पुढे सांगत होती.